सही भेटली, आपण भेटला नाहीत

मा. डॉक्टरसाहेब,
एम.डी. (पॅथॉलॉजी),
राहणार : सर्वत्र

सा. न. वि. वि.

आपली-माझी गाठ कधी पडलेली नाही, पण आपली सही मी कुठेही ओळखीन. किंचित उजवीकडे कललेली, आडनावाखाली झोकात ओढलेली रेघ आणि त्या रेघेच्या टोकाशी स्कॅनरच्या काचेवरचा एक काळा ठिपका. तो ठिपका परवा मला दोन रिपोर्टांवर दिसला. एक रिपोर्ट आमच्या एस.टी. स्टँडसमोरच्या लॅबचा, दुसरा इथून दोन तासांवरच्या तालुक्याच्या गावचा. तारीख तीच, सकाळ तीच, ठिपकाही तोच. आमचा विठोबासुद्धा एवढी युगं एकाच विटेवर उभा आहे. आपल्यासाठी मात्र गावोगाव विटा मांडून ठेवलेल्या दिसतात, आणि प्रत्येक विटेचं भाडं महिन्याच्या महिन्याला पोचतं म्हणे.

पत्र खुलं लिहिते आहे, कारण बंद पाकिटातून पाठवायचं तर कोणत्या पत्त्यावर, हा प्रश्न होता. स्टँडसमोरच्या लॅबमध्ये विचारलं तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, "सर आत्ताच गेले." दुसऱ्या लॅबमध्ये फोन केला, तर "सर संध्याकाळी येतात." संध्याकाळी केला, तर "उद्या बघा ना, मॅडम." भिंतीवर आपलं नाव पितळी अक्षरांत आहे. नावाखाली खुर्ची आहे. खुर्चीवर रिपोर्टांच्या पाकिटांचा गठ्ठा आहे.

आपल्या सहीखाली एक नोंदणी क्रमांक छापलेला असतो. रिपोर्ट हातात आला की लोक आधी ठळक अक्षरांतले आकडे बघतात, मग ते आकडे गूगलला विचारतात, मग घाबरतात. त्या क्रमांकाकडे कुणी बघत नाही. पण तो मिळवायला आपल्याला काय पडलं, हे मला माहीत आहे. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, तीन वर्षं एमडी. त्या तीन वर्षांत शवविच्छेदनं, गाठींचे तुकडे, डोळे दुखेपर्यंत पाहिलेल्या स्लाइडी. एवढं सगळं करून मिळालेला क्रमांक आपण एका सहीच्या चित्रासकट पेनड्राइव्हवर घालून लॅबवाल्याच्या हवाली केलात. दानशूर म्हणून कर्णाचं नाव उगाच घेतात. त्यानं कवचकुंडलं दिली, पण एकालाच.

नोंदणी ही भानगड मुळात कशासाठी निघाली? मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा 1912 साली झाला, बंगाल आणि मद्रासच्याही आधी. वैद्यकीचं शिक्षण न घेता औषध देणारे तेव्हाही गल्लोगल्ली होते, आजही आहेत. त्यांच्यातून शिकलेला माणूस वेगळा काढून दाखवावा, आणि त्यानं चूक केली तर ती कुणाच्या नावावर मांडायची हे रुग्णाला ठाऊक असावं, एवढाच त्यामागचा हेतू. 2002 ची आचारसंहिता म्हणूनच सांगते की हा क्रमांक दवाखान्यात लावा, चिठ्ठीवर लिहा, प्रमाणपत्रावर लिहा, पैसे घेतल्याच्या पावतीवरही लिहा. (2023 च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली आली होती. तीन आठवड्यांत ती स्थगित झाली आणि 2002 ची परत गादीवर बसली. आपल्याकडे जुनं ते सोनं असतं, निदान नवं अडचणीचं असेल तेव्हा तरी.) त्याच आचारसंहितेत असंही म्हटलं आहे की खोटा, दिशाभूल करणारा किंवा अनुचित दाखला वा अहवाल आपल्या नावानं देणाऱ्या डॉक्टरचं नाव रजिस्टरमधून काढलं जाऊ शकतं. न पाहिलेल्या रक्तावर केलेली सही यातल्या कुठल्या शब्दात बसते, ते आपणच ठरवा. मला तर तिन्हींत बसेलसं वाटतं.

"पण मशीन सगळं करतं हो," असं आपण म्हणाल. लॅबवालाही हेच म्हणतो. तेव्हा जरा मशीनच्या शेजारी उभे राहू. आपण तिथे बऱ्याच दिवसांत उभे राहिलेला नाहीत, म्हणून मीच आठवण करून देते.

रक्तपेशींच्या मोजणीसाठी, म्हणजे सीबीसीसाठी, रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. काही माणसांच्या रक्तात या ईडीटीएमुळेच प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे पुंजके होतात. मशीन सुट्या प्लेटलेट्स मोजतं. पुंजका त्याच्या हिशेबात प्लेटलेट नसतोच. मग धडधाकट माणसाच्या रिपोर्टात आकडा येतो बावीस हजार. ऑगस्ट-सप्टेंबर असतो, गल्लीत डेंगीचे दोन पेशंट असतात, अंगात तापही असतो. घरचे लोक त्या आकड्यावर माणूस ॲडमिट करतात, व्हॉट्सॲपवर रक्तदाते शोधतात, पपईच्या पानांचा रस पाजतात. या सगळ्याला थांबवायला काय लागतं? रक्ताचा एक थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. पुंजके डोळ्यांना दिसतात. मग निळ्या टोपणाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घ्यायचं आणि पुन्हा मोजायचं. बहुतेक वेळा खरा आकडा हाती येतो. दहा-पंधरा मिनिटांचं काम. ते बघणारा डोळा आपला असायला हवा होता, आणि आपण तर पुढच्या विटेवर.

पोटॅशियमचं तसंच. रक्त घेताना ओढाताण झाली, नळी जोरात हलवली की तांबड्या पेशी फुटतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर येतं. पेशींवरचं पिवळं पाणी वेळेत वेगळं केलं नाही आणि रक्त मोटारसायकलच्या डिकीत दोन गावं हिंडून आलं, तरी आकडा वर चढतो. त्या आकड्यावर एखादा फिजिशियन घाईनं उपचार सुरू करतो. वरच्या पिवळ्या पाण्याला लालसर झाक आलेली दिसली की शिकलेला माणूस म्हणतो, हा नमुना फेका, नवा मागवा. मशीनला लाज नसते. ते आकडा देतं. आणि खरोखरच आकडा धोक्याचा असेल, तर रिपोर्ट छापायची वाट न बघता डॉक्टरला फोन करायचा असतो. तो फोन कोण करतं, डॉक्टरसाहेब? ठिपका करतो?

पांढऱ्या पेशींच्या आकड्यापुढे मशीन कधी कधी एक खूण उमटवतं : इथं काहीतरी वेगळं आहे, बघा. थकवा, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग घेऊन आलेल्या कॉलेजच्या मुलाच्या रक्तात अपक्व पेशी आहेत का, हे खूण सांगत नाही. ते स्लाइड सांगते, आणि स्लाइड तिला बघणाऱ्यालाच सांगते. कॉम्प्युटरमध्ये "पेरिफेरल स्मिअर" (म्हणजे हीच स्लाइड) या शब्दांपुढे तयार वाक्य असतं : सर्व पेशी सामान्य. बटण दाबलं की उमटतं, आणि त्याच्या खाली आपण उमटता.

बरं, मशीन तरी खरं बोलतंय का, हे रोज सकाळी तपासायचं असतं. ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असा कंट्रोल नमुना लावायचा, आलेखावर टिंब टाकायचं, टिंब रेषेबाहेर गेलं तर त्या दिवशी पेशंटचे नमुने हातात घ्यायचे नाहीत. शिवाय बाहेरच्या परीक्षा आहेत. बायोकेमिस्ट्रीसाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडून नमुने येतात, रक्तपेशींसाठी दिल्लीच्या एम्सची योजना आहे. आपला आकडा देशभरच्या लॅबांशी ताडून बघता येतो. आपल्या नावानं चालणाऱ्या लॅबांपैकी किती लॅबांतला हा आलेख आपण गेल्या महिन्यात पाहिलात? एक तरी?

आता आपल्या गैरहजेरीत हे सगळं ओढणाऱ्या माणसाबद्दल. तो बहुधा डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञानाची पदविका, झालेला असतो. पहाटे घरोघरी जाऊन रक्त घेतो, म्हाताऱ्यांच्या न सापडणाऱ्या शिरा शोधतो, मशीन धुतो, रिपोर्ट टाइप करतो, उधारी वसूल करतो. त्यानं स्वतःच्या नावानं सही करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2017 मध्ये गुजरातच्या प्रकरणात स्पष्ट केलं : लॅबच्या रिपोर्टावर पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. न्यायालयाला वाटलं असेल, आता डॉक्टर लॅबमध्ये जातील. आपल्याला बहुतेक ऐकू आलं : आता भाडं वाढवता येईल.

टेक्निशियनांचं म्हणणं असं की खेड्यापाड्यांत इतके पॅथॉलॉजिस्ट आणायचे कुठून, आणि उपाशीपोटीच्या साखरेच्या आकड्यावर एमडीनं काय वेगळं लिहायचं? यात काही तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. कुठल्या तपासणीला कुणाची सही पुरेल, यावर उघड वाद व्हावा, नियम व्हावेत, आणि त्या मुलाला जी सही शोभेल ती त्यानं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या नोंदणी क्रमांकासह करावी. पण त्याचा क्रमांक कुठल्या वहीत? राज्याचा परावैद्यक परिषदेचा कायदा 2011 चा. मग केंद्रानं 2021 साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत प्रयोगशाळा-विज्ञानाचा मान पहिला. केंद्रीय नोंदवही, राज्य परिषदा, सगळं कागदावर आलं, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना विचारावं लागलं की हा कायदा अमलात कधी आणणार, दोन महिन्यांत आणा. अशा संथ कारभारात तो मुलगा आपल्या नावाच्या आडोशाला उभा राहतो. आडोसा देतो म्हणून आपण त्याच्याकडून पैसे घेता. उद्या काही उलटलं तर आपण म्हणणार, "माझी सही परस्पर वापरली." म्हणजे पोलीस आले तर त्याच्याकडे. सोय चांगली आहे.

आणि कायद्यानं आपल्याला केवढं मोकळं रान दिलं आहे, बघा. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीला अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. नर्सिंग होमला 1949 च्या कायद्यानं नोंदणी लागते. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा लॅबांनाही लागू होतो, पण तो महाराष्ट्रानं स्वीकारला नाही. आम्ही आमचा करू, असं म्हणत राज्यानं एक पिढी मोठी केली. त्यामुळे लॅब उघडणाऱ्याला दुकानाची नोंदणी पुरते, आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. म्हणजे रक्ताची रिकामी नळी कुठे टाकणार, हे सरकार विचारतं. त्या नळीतलं रक्त कुणी वाचलं, हे विचारत नाही.

आपल्या शेजारच्या शाखेतले सोनोग्राफीवाले डॉक्टर बिचारे दुसऱ्याच जगात राहतात. गर्भलिंगनिदान रोखण्याच्या कायद्याखाली प्रत्येक केंद्राची नोंदणी, प्रत्येक मशीनची नोंद, प्रत्येक गरोदर बाईचा फॉर्म. 2012 च्या दुरुस्तीनं तर एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रं, आणि कुठे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत असणार तेही लिहून द्यायचं. त्यांच्या संघटनांनी यावर पुष्कळ आरडाओरडा केला, काही अंशी रास्तही. पण डॉक्टर एका वेळी एकाच ठिकाणी असतो, हे निदान एका कायद्यानं तरी मान्य केलं आहे. हे पॅथॉलॉजीला लावायला कोणता ग्रह आडवा येतो, ते मला कळलेलं नाही. आपल्याला कळलं असेल तर कळवा.

काही जण म्हणतील, मानांकन बघून लॅब निवडा. जरूर. एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाचं मानांकन आयएसओ 15189 या वैद्यकीय प्रयोगशाळांच्या मानकावर दिलं जातं. परीक्षक येऊन कंट्रोलचे आलेख बघतात, सही करणाऱ्याला प्रश्न विचारतात, मायक्रोस्कोपसमोर बसवतात. म्हणूनच आपण त्या वाटेला जात नाही. ते सक्तीचं नाही, आणि मिळालं तरी तपासणीगणिक असतं. मानांकित लॅबमध्येसुद्धा कुठली तपासणी त्याच्या कक्षेत आहे, हे बारीक अक्षरांत बघावं लागतं. मग आपल्या लॅबवाल्यांनी सोपी युक्ती काढली : काचेवर मोठ्या अक्षरांत "आयएसओ 9001 प्रमाणित". हे प्रमाणपत्र कारभार ठरल्या पद्धतीनं चालतो एवढंच सांगतं. त्याच प्रमाणपत्रावर पंखेही बनवता येतात. हिमोग्लोबिन बरोबर मोजलं जातं की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. पेशंटला आयएसओ म्हणजे आयएसओ.

अधूनमधून राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तक्रारी जातात, बऱ्याचदा प्रॅक्टिस करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टांच्याच संघटनेकडून. सुनावणी होते, काही डॉक्टरांची नोंदणी काही काळासाठी निलंबितही झाली आहे. नोंदणीच नसलेल्या भोंदूसाठी 2019 च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. आपण भोंदू नाही. आपण खरे आहात, हीच तर आपल्या मालाची किंमत. खोटी सही विकणाऱ्याला कोण भाडं देईल?

आता राष्ट्रीय रजिस्टर आलं आहे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी त्याचं पोर्टल सुरू केलं. देशातले तेरा लाखांहून जास्त ॲलोपॅथीचे डॉक्टर आधारच्या साक्षीनं एका वहीत यायचे आहेत. चांगलीच गोष्ट आहे. राज्याराज्यांच्या वह्यांतली दुबार नावं, परलोकी गेलेले डॉक्टर, एका राज्यात कारवाई झाल्यावर दुसरीकडे जाऊन पाटी लावणारे, हे त्यातून निस्तरावं. आपल्याला मात्र त्याची भीती नाही. आपला अंगठा जुळेल, पदवी जुळेल, फोटो जुळेल. आपण आहात, हे दिल्लीला कळेल. आज सकाळी अकरा वाजता आपण कुठे होतात, हे दिल्लीलाही कळणार नाही.

एका गोष्टीचा राग मात्र मला विनोदात बसवता येत नाही. आमच्याच गावात आपल्याच शाखेच्या एक डॉक्टर आहेत. एकच लॅब, सकाळी आठ ते रात्री आठ, स्वतः मायक्रोस्कोपला. संशयास्पद स्लाइड दिसली की स्वतः फोन उचलतात, पेशंटला परत बोलावून पुन्हा रक्त घेतात आणि दुसऱ्यांदा पैसे घेत नाहीत. त्यांचा दर आपल्या लॅबपेक्षा जास्त आहे, कारण कंट्रोलच्या बाटल्या फुकट येत नाहीत. शिवाय पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरला त्या कट देत नाहीत. आचारसंहितेत कट घेणं-देणं दोन्ही बसत नाही, पण आपल्या लॅबवाल्यांना परवडतं. कारण डॉक्टरच्या पगाराऐवजी फक्त ठिपक्याचं भाडं जातं, उरलेल्या पैशात पाकिटं भरता येतात. एकशेएक तपासण्यांचं पॅकेज अर्ध्या किमतीत देता येतं. त्या बाईंच्या लॅबमध्ये दुपारी शुकशुकाट असतो. त्यांच्या मुलानं पॅथॉलॉजीला जायचं का, असं त्यांना मध्यंतरी कुणी विचारलं. "सही सुंदर असेल तर जा म्हणावं," त्या म्हणाल्या.

तर विनंती एवढीच : ज्या ज्या लॅबवर आपली पाटी आहे, तिच्या दारावर आपली वेळ लावा. सोमवार इतके ते इतके, मंगळवार गैरहजर, जे खरं असेल ते. गैरहजेरीच्या वेळी छापलेल्या रिपोर्टावर "पॅथॉलॉजिस्टनं पाहिलेला नाही" असं छापा. घ्यायचा तो निर्णय पेशंट घेईल. आणि ज्या रिपोर्टांवर आपला ठिपका आहे, त्यांतला एखादा घेऊन कुणी स्लाइड बघायला मागितली, तर ती दाखवा. स्लाइड केलीच नसेल, तर तसं सांगा.

कळावे. लोभ लॅबवाल्यांवर आहेच, तो तसाच राहो.

आपली,
एक पेशंट

ता. क. : आपला क्रमांक मी परिषदेच्या यादीत तपासून पाहिला. नोंदणी चालू आहे, पाच वर्षांचं नूतनीकरणही झालेलं दिसतं. त्यासाठी तीस क्रेडिट पॉइंट लागतात, म्हणजे चर्चासत्रांना हजेरी लावावी लागली असणार. तिथे आपण जातीनं गेला असाल. हजेरीपटावर सही ज्याची त्यालाच करावी लागते.